लेकरू रडायच्या आधी: ऑपरेशननंतर घरी दुखणं कसं सांभाळायचं

लेकराचं ऑपरेशन होतं, सुट्टी मिळते आणि आईच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी येते. पिशवीत दोन-तीन बाटल्या, एक मलम, घडी घातलेली चिठ्ठी. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत असतो, वडील बिलाच्या खिडकीशी उभे असतात, आणि सिस्टर काय सांगतेय ते अर्धंच कानावर पडतं. ती सिस्टर मी होते. अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली अकरा मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात. दारातून निघणाऱ्या आईला एवढंच सांगणं व्हायचं, "ताई, औषध वेळेवर द्या बरं का." वेळेवर म्हणजे नेमकं कधी, ते समजावून सांगायला पाच मिनिटं कधी मिळाली नाहीत. आता निवृत्त होऊन अंबाजोगाईत असते. ती पाच मिनिटं आज इथे भरून काढते.

वेळेवर म्हणजे लेकरू रडायच्या आधी.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन लातूरला झालं. वय पाच, वजन सोळा किलो. सकाळी नऊला आत नेलं, अकराच्या आत बाहेर आणलं. लहान मुलांचं कमरेखालचं ऑपरेशन असलं की पूर्ण भुलीसोबत माकडहाडाजवळ एक इंजेक्शन बऱ्याचदा देतात. त्यानं खालचा भाग काही तास बधिर राहतो. म्हणून आमचं पोरगं शुद्धीवर आलं ते बिस्किट मागतच. दुपारी तीनला निघालो. सूनबाई म्हणाली, "आई, याला तर काहीच दुखत नाही. उगाच औषध कशाला पाजायचं?"

बहुतेक घरं इथेच फसतात. ते बधिरपण साधारण चार ते सहा तासांत उतरतं, कुणाचं थोडं उशिरा. आणि पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर गुण यायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. ठणका सुरू झाल्यावर बाटली शोधायला गेलात, तर तेवढा वेळ लेकरू तळमळतं. रडून रडून उलटी करतं, आणि मग औषध तोंडात घ्यायलाही तयार होत नाही. वॉर्डात असताना रात्री नऊ-दहाला यायचे ते फोन बहुतेक असेच असायचे: "सिस्टर, दुपारी चांगलं खेळत होतं, आता हातच लावू देत नाही."

मी निघायच्या आधी विचारून घेतलं होतं, ऑपरेशनच्या वेळी दुखण्याचं औषध दिलंय का आणि किती वाजता. साडेनऊला दिलं होतं. म्हणजे सहा तासांनी, साडेतीनला पुढचा डोस. रेणापूर फाट्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिथेच पाजलं. बर्दापूरपर्यंत स्वारी गाणी म्हणत होती. संध्याकाळी बधिरपण उतरलं तेव्हा चेहरा जरा उतरला, कडेवर घ्या म्हणाला, पण रडला नाही. तुम्हीसुद्धा निघताना हे दोन प्रश्न विचाराच: शेवटचा डोस किती वाजता दिला, आणि पुढचा किती वाजता द्यायचा. चिठ्ठीच्या कोपऱ्यावर लिहून घ्या. त्या इंजेक्शननंतर पाय थोडा वेळ लटपटतात, तेव्हा घरी पोचल्यावर लेकराला एकटं चालू देऊ नका.

पहिले दोन-तीन दिवस औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, चोवीस तासांत चार वेळा, त्याहून जास्त नाही. आमचं वेळापत्रक साडेतीन, साडेनऊ, पुन्हा पहाटेचे साडेतीन, साडेनऊ असं बसलं. पहाटेच्या डोसावरून घरात वाद होतो. "झोपलंय ना, झोपू दे की." पण तो डोस चुकला की लेकरू सहाला किंचाळत उठतं, आणि मग दुपारपर्यंत दुखणं आवरत नाही. निदान पहिल्या दोन रात्री गजर लावा. आडवं असताना पाजू नका, मांडीवर अर्धवट बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आत बाजूला ठेवा आणि थेंब थेंब सोडा. झोपेतच गिळतात आणि पुन्हा मान टाकतात.

सिरिंज म्हणजे सुई नसलेली, पाच किंवा दहा मिलीची. मेडिकलमध्ये मिळते. घरातला चमचा वापरू नका. मी एकदा शेजारणींना सहा घरांतले चमचे आणायला सांगितले होते आणि प्रत्येकात किती पाणी मावतं ते सिरिंजनं मोजून दाखवलं होतं. एकाही चमच्याचं माप दुसऱ्याशी जुळलं नाही.

मापाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच पाहिलाय. लेकराचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळेला दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. आता एकाच नावाचं औषध दुकानात तीन प्रकारचं असतं. एका बाटलीत पाच मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत पाच मिलीमध्ये २५०, आणि तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीमध्ये १००. आमच्या सोळा किलोच्या नातवाला डॉक्टरांनी २५० वाल्या बाटलीतून साडेचार मिली लिहिलं होतं. तेच १२५ वाल्या बाटलीतून द्यायचं तर नऊ मिली लागतं. आणि थेंबांच्या बाटलीतून पाच मिली पाजलं असतं तर दुपटीपेक्षा जास्त गेलं असतं. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली बाटली संपली आणि गावातल्या मेडिकलवाल्यानं "हे पण तेच आहे" म्हणून दुसरी दिली, की आधी लेबल वाचा, आकडा जुळवा, नाही जुळला तर दवाखान्यात फोन करून मिली विचारा. लिहिलेलं वजन बरोबर आहे का तेही बघा. कागदावर कधी वर्षापूर्वीचं वजन असतं.

पॅरासिटामॉल जास्त गेलं तर यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी लेकरू अगदी ठीक दिसतं. "काही झालं तर बघू" म्हणत थांबायचं नाही, चूक कळली त्या क्षणी दवाखाना गाठायचा.

दुसरं औषध असतं आयबुप्रोफेन. डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच द्यायचं. दोन्ही लिहिली असतील तर दोन्ही चालतात, एकानं भागत नाही तिथे जोडी चांगला गुण देते. पण काही सिरपमध्ये ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात. अशी बाटली आणि वरून वेगळं पॅरासिटामॉल, असं चालू राहिलं तर नकळत डबल डोस होतो. सर्दी-तापाच्या कितीतरी औषधांतही पॅरासिटामॉल असतंच. बाटल्या समोर ओळीत मांडा आणि प्रत्येकीच्या लेबलवर ते नाव शोधा. आयबुप्रोफेनबद्दल आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असतो, लेकरू पाणी पीत नाही, उलट्या होताहेत, लघवी गडद पिवळी होतेय, अशा वेळी ते दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. आधी पाणी, मग डॉक्टरांना फोन. डेंग्यूचा संशय असेल तर अजिबात नाही. दमा असलेल्या, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला विचारल्याशिवाय नाही.

आणि हात जोडून एक सांगते. आजोबांच्या पाठदुखीची गोळी अर्धी मोडून लेकराला देऊ नका. निमेसुलाइड हे दुखण्या-तापाचं औषध आपल्या देशात बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. कोडीन आणि ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या कडक औषधांनी काही मुलांचा श्वास मंदावतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये बारा वर्षांखाली ती वापरू नयेत असं स्पष्ट केलं. ॲस्पिरिनही मुलांचं औषध नाही.

डोस दिला की लिहायचं. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहितो: तारीख, वेळ, कोणतं औषध, किती मिली, कुणी दिलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. आईनं दिलं, आजीला माहीत नाही, आजीनं पुन्हा पाजलं, असं एकत्र कुटुंबात सहज होतं. आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि लेकरू म्हाताऱ्या माणसांपाशी आहे, असं बीडकडं कितीतरी घरांत असतं. तिथे अक्षरं वाचता येत नसतील तर वेळेच्या घड्याळाचं चित्र काढा आणि डोस दिला की त्यावर फुली मारायला सांगा. सिरिंजवर मापाची रेघ रंगवून ठेवा. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तेवढा डोस एकदा पुन्हा द्या, त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

आता दुखतंय हे ओळखायचं कसं. यासाठी मला माझ्या मुलाचं सांगावं लागेल.

१९९५ ची गोष्ट. तो नऊ वर्षांचा होता, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मी स्वतः नर्स, तरी मी त्याला म्हणाले, "माझा शहाणा ना तू, थोडं सहन कर." तो सहन करत राहिला. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं सांगायचे, लेकरू किती गुणी आहे, रडत सुद्धा नाही, नुसतं झोपून आहे. खूप वर्षांनी, त्याच्या मुलाचं ऑपरेशन ठरलं त्या रात्री तो मला म्हणाला, "आई, मी झोपलो नव्हतो. हललं की दुखायचं, म्हणून पडून होतो." मी जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

गप्प पडलेलं लेकरू बरं आहे असं धरून चालू नका. रडणारं लेकरू निदान सांगतं तरी. चेहरा बघा: कपाळाला आठ्या, दात आवळलेले. पाय बघा: ताठ धरलेत की पोटाशी ओढलेत. अंग बघा: आखडून एकाच कुशीवर आहे की मोकळं लोळतंय. हाक मारली, मोबाइलवर आवडीचं कार्टून लावलं, तरी मान वळवत नाही का. भूक, झोप, खेळ यांत नेहमीपेक्षा काय बदललं, हे आईइतकं कुणाला कळत नाही, आणि डॉक्टरांनाही हेच सांगायचं असतं. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला कागदावर सहा तोंडं काढून द्या, हसऱ्यापासून अगदी रडक्यापर्यंत, आणि विचारा, "आत्ता तुझं दुखणं यातलं कोणतं?" औषधाआधी एकदा, औषधानंतर तासाभरानं एकदा. बोट एक-दोन तोंडं मागे सरकलं तर औषध लागू पडतंय.

तान्ह्या बाळाला कुठे कळतं, असं अजूनही काही आज्या म्हणतात. एकेकाळी डॉक्टरही असंच मानायचे, पुरेसं वेदनाशामक न देता तान्ह्यांची ऑपरेशनं व्हायची. इंदूरला एमबीबीएस केलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की तान्ह्या बाळालाही वेदना होते आणि ती शमवली तर बाळ ऑपरेशनमधून जास्त चांगलं सावरतं. तेव्हा बाळाच्या आज्जीचं ऐकून औषध टाळू नका. छातीशी उघड्या अंगाला धरा, अंगावर पाजा, आणि सांगितलेला डोसही द्या.

मुलं दुखणं सांगताना जो शब्द वापरतात तो नीट ऐका. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! 'चुरचुरतंय', 'आग होतेय' म्हणालं तर बहुतेक कातडीचं, टाक्यांचं. सुंता झालेल्या मुलाला लघवी करताना होतं तसं. त्याला कोमट पाण्याच्या टबात बसून लघवी करू द्यायची का ते डॉक्टरांना विचारा, चड्डी न घालता नुसता लांब सदरा घाला. 'ओढल्यासारखं होतंय' म्हणजे टाके ताणले जाताहेत; पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना, शिंकताना, उठताना पोटावर उशी घट्ट धरायला शिकवा. 'कळ येते आणि जाते' म्हणजे बऱ्याचदा गॅस किंवा संडासला न झाल्यानं. थोडं चालवा, पाणी वाढवा. 'ठणकतंय' हा शब्द मात्र जपून ऐका. जखम तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी व्हायची सोडून जास्त ठणकायला लागली, लाल, गरम, फुगलेली दिसली, पू आला, तर दाखवायला न्या.

चिंचेवरून पडून हात मोडलेल्या पोराचं प्लास्टर असेल तर हे आणखी खरं. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. औषध देऊनही ठणका वाढतोय, बोटं थंड, निळसर, बधिर किंवा खूप सुजलेली आहेत, बोटं सरळ केली की किंचाळतं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखान्यात.

औषधाशिवायही बरंच काही करता येतं, त्यातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे फुंकर. लेकराला सांगा, तुझ्या तळहातावर तव्यावरची गरम भाकरी आहे, तिला फुंकर घालून गार कर. नाकानं मोठा श्वास, ओठांचा चंबू, आणि लांब, सावकाश फुंकर. भाकरी उडवायची नाही, नुसती गार करायची, असं म्हटलं की मुलं आपोआप हळू फुंकतात. दहा भाकऱ्या होईपर्यंत खांदे सैल पडलेले दिसतात. मी ड्रेसिंग बदलताना हे करायचे, चिकटपट्टी फुंकरीबरोबर थोडी थोडी सोडवायची. आणि "अजिबात दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "थोडं ओढेल, पाच मोजेपर्यंत," असं सांगा आणि खरंच पाचला थांबा. मग पुढच्या वेळी लेकरू तुमच्यावर विश्वास ठेवतं.

टॉन्सिलचं दुखणं वेगळं आणि लांबतं. आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी बरं वाटून पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा वाढलं तरी घाबरू नका, कारण खपली सुटत असते. कान दुखतो, तोंडाला वास येतो, घशात पांढरं दिसतं, तेही अपेक्षितच आहे. इथे खरं औषध गिळणं. दुखतं म्हणून गिळत नाही, घसा कोरडा पडतो, मग आणखी दुखतं. डोस दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं जेवायला बसवा. गार दूध, ताक, पातळ वरण-भात, गार केलेल्या ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली मऊ भाकरी. येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, काही दिवस लांबच. दुकानातली लाल पेप्सीकांडी नको; उकळून गार केलेल्या पाण्यात साखर घालून घरीच साच्यात बर्फ करा, रंग न घालता. लाल रंग असला की उलटीत रक्त आहे की रंग, कळत नाही. ताजं लाल रक्त आलं, किंवा झोपेत लेकरू सारखं काहीतरी गिळतंय असं दिसलं, तर रक्त आत जात असू शकतं. सरळ १०८ ला फोन. हा धोका पहिल्या चोवीस तासांत आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास असतो.

जखमेवर हळद, अंगारा, तेल, काहीही लावू नका. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीही काढली, फक्त मिरच्यांचा धूर लेकराच्या खोलीबाहेर करा, कारण खोकला आला की टाके ओढतात.

डोस द्यायच्या आधी थर्मामीटर लावा, औषधानं ताप दबतो. १०१ च्या वर ताप, आठ तासांत लघवी नाही, उलट्या थांबत नाहीत, पट्टी रक्तानं भिजली, सांगितलेली औषधं देऊनही दुखणं आवरत नाही, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास, ओठ निळे, किंवा हलवूनही नीट जागं होत नाही, तर लगेच १०८.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कमी करत आणा. आधी दुपारचा डोस सोडून बघा, रात्रीचा शेवटी सोडा. हर्नियाच्या लेकराला मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसवू नका, गचका नेमका टाक्यांवर बसतो. आणि औषध गोड असतं. दुखणं संपल्यावर उरलेली बाटली फ्रिजच्या दारात राहते आणि धाकटं भावंड ती सरबत समजून तोंडाला लावतं. आमची बाटली कपाटात वरच्या फळीवर, कुलपात होती. दहाव्या दिवशी टाके दाखवून आलो आणि मी ती मोरीत रिकामी केली.